कॅथरिनचं चाक

पॅरिसच्या लूव्र संग्रहालयाकडे सोळाव्या शतकातल्या इटालियन चित्रकार राफाएलच्या हातचं एक रेखाटन आहे. काही कागद एकमेकांना जोडून केलेला तक्ता, त्यावर काळ्या खडूनं काढलेली एक तरुणी. उजेड पडतो तिथं पांढऱ्याचा हलका हात. तिचा एक हात छातीवर आहे, मान वळलेली, नजर वर लागलेली, आणि दुसऱ्या हाताचं कोपर एका मोठ्या चाकावर टेकलेलं. असले जुने कागद उजेडानं खराब होतात, म्हणून बहुतेक वेळ ते अंधारातच ठेवतात. मीही हे रेखाटन छायाचित्रांतच पाहिलंय. पण चांगलं छायाचित्र मोठं करून पाहिलं की रेषांवर सुईनं टोचलेली बारीक भोकं दिसतात.

ज्यांच्या घरी आईनं किंवा आजीनं उशीच्या अभ्र्यांवर भरतकाम केलंय, त्यांना ही भोकं ओळखीची वाटतील. नक्षीचा कागद सुईनं टोचायचा, कापडावर ठेवायचा, रॉकेलमध्ये कालवलेली नीळ बोळ्यानं वरून फिरवायची. कागद उचलला की ठिपक्याठिपक्यांची वेल कापडावर उतरलेली. त्या काळचे इटालियन चित्रकार हेच करायचे, फक्त निळीऐवजी कोळशाची पूड. या कागदावरचं चित्र राफाएलनं १५०७च्या सुमारास फ्लॉरेन्समध्ये लाकडी फळीवर उतरवलं आणि तैलरंगात पुरं केलं. ते तैलचित्र आज लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. राफाएल तेव्हा चोवीस वर्षांचा होता आणि रोमला जायला अजून अवकाश होता.

चित्रातली बाई कोण, ते फक्त चाकावरून कळतं. मुकुट नाही, तलवार नाही, पुस्तक नाही. चाक झाकलं तर ती फ्लॉरेन्समधली कुणीही देखणी मुलगी. चाकामुळे ती अलेक्झांड्रियाची संत कॅथरिन होते.

तिची दंतकथा थोडक्यात अशी. चौथ्या शतकाच्या सुरुवातीची, राजघराण्यातली, अठरा वर्षांची, भरपूर शिकलेली मुलगी. ख्रिस्ती लोकांचा छळ करणाऱ्या रोमन सम्राटाला तिनं तोंडावर जाब विचारला. सम्राटानं तिला वादात हरवायला पन्नास तत्त्वज्ञ बोलावले. पन्नासही हरले आणि तिच्या बाजूला गेले. सम्राटानं त्यांना जाळून मारलं. मग तिच्यासाठी खिळे मारलेली चाकं तयार करवली, त्यांत तिचं अंग फाडून काढायला. चाकं दैवी कोपानं फुटली. अखेर तलवारीनं तिचं डोकं उडवलं, तर मानेतून रक्ताऐवजी दूध वाहिलं आणि देवदूतांनी तिचा देह सिनाई पर्वतावर नेऊन ठेवला. सिनाईच्या पायथ्याचा तिच्या नावाचा मठ आजही चालू आहे.

यात इतिहास किती? जवळजवळ काही नाही. तिच्या काळातला एकही पुरावा नाही. कथा कागदावर येते ती काही शतकांनंतर. काही अभ्यासकांचा तर्क तर आणखी बोचरा आहे. अलेक्झांड्रियात हायपेशिया नावाची तत्त्वज्ञ बाई खरोखरच होऊन गेली आणि इसवी सन ४१५ मध्ये तिला ख्रिस्ती जमावानं ठार मारलं. त्या आठवणीची बाजू पालटून कॅथरिन घडवली असेल, असं ते म्हणतात. तर्कच आहे, पण मला तो विसरता येत नाही. खुद्द रोमन चर्चनं १९६९ मध्ये सार्वत्रिक पंचांगातून तिचा सण काढून टाकला होता. २००२ मध्ये तो ऐच्छिक म्हणून परत घेतला.

इंग्लंडमध्ये आपल्या भुईचक्राच्या जातीच्या दारूकामाला कॅथरिनचं चाक म्हणतात. मुलीला फाडून मारायचं यंत्र पोरांच्या खेळण्यात कसं आलं, याचं मला कुतूहल आहे, पण तो आजचा विषय नाही. आजचा विषय हा, की चिन्ह कुणाच्या हातात जातं तसा त्याचा अर्थ पालटतो, आणि सार्वजनिक जागी असं चिन्ह दाखवताना हे पालटणं लपवू नये.

चिन्हं वाचणं मराठी माणसाला नवं नाही. शंख, चक्र, गदा, पद्म ही चारच आयुधं हातांत फिरवून आपल्या मूर्तिशास्त्रानं विष्णूची चोवीस रूपं केली. कुठल्या हातात काय, यावरून केशव की नारायण हे ठरतं. त्यामुळे चाक म्हणजे कॅथरिन, बाण म्हणजे सेबॅस्टियन, तबकातले डोळे म्हणजे लूसी, हा ख्रिस्ती संतांचा कोश आपण पटकन पाठ करू. पण एक फरक आहे आणि तो लहान नाही. आपल्या देवतांच्या हातात असतं ते आयुध. दुर्गेनं त्रिशूळ महिषासुरावर चालवलेला असतो. ख्रिस्ती हुतात्म्याच्या हातात असतं ते त्याच्यावर चाललेलं हत्यार. लॉरेन्सच्या हातात त्याला भाजलेली लोखंडी जाळी, बार्थोलोम्यूच्या हातात स्वतःची सोललेली कातडी. क्रूस तरी दुसरं काय आहे? मृत्युदंडाचं साधन. म्हणजे या चित्रभाषेचा सगळा जोर एका उलटापालटीवर आहे: ज्यानं मला मारलं तेच आता माझी ओळख. मारणाऱ्याची सत्ता तिथंच संपली, असं ती भाषा सांगते.

सवयीनं आपण कॅथरिनचं चाक सुदर्शनासारखं बघतो, आणि तिथंच चुकतो. माझी भाची सात वर्षांची असताना आम्ही जुने गोव्याच्या से कॅथेड्रलमध्ये गेलो होतो. तिनं विचारलं, हे चाक कशाला? बरोबरच्या वाटाड्यानं बेधडक सांगितलं, राजकन्या होती ना ती, तिच्या रथाचं आहे. भाचीला ते पटलं. मला तेव्हा खोडून काढण्याइतकं माहीत नव्हतं, हेही कबूल करतो.

कोशावर थांबलो तर आपण चित्र न पाहता नावाची पाटी वाचून परत येतो. चित्रकारानं त्या चिन्हाचं काय केलं, तिथून खरी गोष्ट सुरू होते. राफाएलच्या दहाएक वर्षं आधी जर्मनीत ड्यूरर नावाच्या चित्रकारानं कॅथरिनच्या हौतात्म्याचं चित्र लाकडी ठशावरून छापलं. त्यात आकाशातून आग कोसळते, चाक पेट घेतं, आजूबाजूचे लोक हबकतात आणि ती गुडघे टेकून मान खाली घालून बसलेली असते. चाक तिथं एक प्रसंग आहे, चालू असलेला. राफाएलकडे आग नाही, जल्लाद नाही, गर्दी नाही. मागं शांत निसर्ग, पुढं चार रोपटी. चाकाचे खिळे डोळ्यांत भरत नाहीत. ती त्याच्यावर अशी रेललीय, की शेजारच्या काकू ओट्यावर कोपर टेकून बोलत उभ्या असाव्यात. छळाच्या यंत्राचं त्यानं टेकायचं लाकूड करून टाकलं. भीतीचं चिन्ह आधाराचं झालं आणि हे फक्त एका कोपराच्या जागेनं झालं. म्हणून मला तैलचित्रापेक्षा तो टोचलेला कागद जास्त मोलाचा वाटतो. रंग, सोनेरी उजेड, लाल वस्त्र असं दिपवणारं तिथं काही नाही. वळलेला देह आणि टेकलेलं कोपर तेवढं उरतं, आणि कळतं की अर्थ रेषेतच ठरला होता.

पुढं तीस-चाळीस वर्षांनी मायकेलअँजेलोनं सिस्टीन चॅपेलच्या भिंतीवर अंतिम न्यायाचं चित्र रंगवलं (१५३६ ते १५४१). त्यातली कॅथरिन आडव्या हाडाची, पिळदार दंडांची आहे. मोडलेलं खिळ्यांचं चाक तिनं दोन्ही हातांत धरलंय, वाकून, जणू कुणावर तरी चालवायचंय. तिथले सगळेच हुतात्मे आपापली हत्यारं पुराव्यासारखी पुढं करतात, आणि पुरावा बघता बघता शस्त्रासारखा दिसायला लागतो. मूळ चित्रात ती विवस्त्र होती. तिच्या मागं ओणवलेल्या संत ब्लेझमुळे तर लोकांनी नको ते अर्थ काढले. १५६५ मध्ये चित्रकार दानिएले दा व्होल्तेर्राला बोलावून त्या दोघांचा भाग खरवडून पुन्हा रंगवला गेला. तिला कपडे आले, ब्लेझची मान दुसरीकडं वळली. मूळ गिलावाच गेल्यामुळे विसाव्या शतकातल्या मोठ्या सफाईतही ती पहिली कॅथरिन परत येणं शक्य नव्हतं. ती कशी होती ते व्हेनुस्ती नावाच्या चित्रकारानं १५४९ मध्ये केलेल्या नकलेमुळे कळतं. दानिएलेला मात्र लोकांनी कायमचं नाव चिकटवलं: चड्डीवाला.

चर्चला अडचण झाली ती तिच्या उघड्या अंगाची. तिच्या हातातलं चाक शस्त्र झालंय, याबद्दल खरवडाखरवड झाली नाही.

आता मांडवीच्या काठी येऊ. राफाएलनं तो कागद टोचला त्यानंतर तीनएक वर्षांनी, २५ नोव्हेंबर १५१० रोजी, पोर्तुगीज सेनानी अफोंसो द अल्बुकर्कनं गोवा शहर आदिलशाहीकडून दुसऱ्यांदा आणि कायमचं जिंकलं. पंचांगात तो कॅथरिनच्या सणाचा दिवस होता. ज्या वेशीतून तो आत शिरला तिथं तिच्या नावाचं चॅपेल उभं राहिलं. १५५० मध्ये गव्हर्नर जॉर्ज काब्राल यानं ते वाढवलं आणि दगडावर कोरून ठेवलं की, इथं होतं ते दार, ज्यातून अल्बुकर्कनं संत कॅथरिनच्या दिवशी मुसलमानांकडून हे शहर घेतलं. पुढं १५६२ मध्ये तिच्याच नावानं प्रचंड से कॅथेड्रल बांधायला घेतलं. मुख्य वेदीमागच्या सोनेरी लाकूडकामात तिच्या आयुष्यातले आणि हौतात्म्यातले प्रसंग कोरलेत. पोर्तुगीज इंडियाच्या राजचिन्हात चाक आलं ते हेच.

दगडावर कोरलेलं नाही ते अल्बुकर्कच्या पत्रात आहे. २२ डिसेंबर १५१० रोजी पोर्तुगालच्या राजा मानुएलला त्यानं लिहिलं, की शहरात सापडलेल्या मुसलमानांना चार दिवस कापून काढलं. त्याचा स्वतःचा अंदाज सहा हजारांचा, स्त्री-पुरुष धरून. शेतकऱ्यांना आणि ब्राह्मणांना त्यानं सोडलं. त्यानं हे लपवलेलं नाही, अभिमानानं कळवलंय.

आता पुन्हा ते चाक पाहा. एका मुलीवर चालवायला केलेलं, तिच्यापुढं मोडलेलं, म्हणून तिच्या विजयाचं झालेलं. कत्तलीच्या दिवसाची खूण म्हणून सत्तेच्या शिक्क्यावर चढलं, तेव्हा ते परत सम्राटाच्या हातात गेलं. फरक इतकाच, की या सम्राटाच्या गळ्यात क्रूस होता. दंतकथेतली कॅथरिन पन्नास विद्वानांना वादात हरवते. विद्यार्थी आणि तत्त्वज्ञ तिला आपली संत मानत आले ते त्यामुळे. तिला वाहिलेल्या शहरात १५६० मध्ये इन्क्विझिशन (चर्चचं धर्मन्यायालय) बसलं, तिच्या कॅथेड्रलच्या आवारालगतच, आणि मधला थोडा खंड सोडला तर १८१२ पर्यंत टिकलं. बोलणाऱ्याला गप्प करायची ती यंत्रणा होती.

यावर मला तीन आक्षेप ऐकू येतात आणि तिन्ही माझ्या ओळखीच्या माणसांचे आहेत.

पहिला चित्रकला शिकवणाऱ्या एका स्नेह्याचा: राफाएलचा अल्बुकर्कशी काय संबंध? रेषा बघ, इतिहास कशाला ओढतोस? संबंध नाही, हे खरं. राफाएलला गोवा माहीत असायचं कारण नव्हतं. पण रेषा बघ म्हणणाऱ्यानं कोपर कशावर टेकलंय ते बघू नये, ही कुठली रीत? विषय वगळून रेषा पाहण्याची चैन आपल्याला परवडते, कारण तो विषय आपल्यावर कुणी चालवलेला नसतो.

दुसरा आक्षेप आजकाल जोरात असतो: पोर्तुगीज खुणा पुसून टाका. या भाषेचा मला कंटाळा येतो, आणि भीतीही वाटते. पुसलेल्या खुणेतून काय शिकायचं? सिस्टीन चॅपेलमध्ये खरवडलेली कॅथरिन गेली ती गेलीच. शिवाय खुणा पोर्तुगीज म्हणताना त्या घडवल्या कुणी हे आपण विसरतो. १५६७ मध्ये गोव्यात भरलेल्या धर्मपरिषदेनं ख्रिस्ती नसलेल्या कारागिरांकडून ख्रिस्ती मूर्ती-चित्रं करून घ्यायला मनाई केली. मनाई करावी लागली, यावरूनच ती कामं कोण करत होतं ते समजतं. गोव्यातल्या चर्चांचं लाकूड कोरणाऱ्यांत इथलेच हात कितीतरी होते.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जड जातो. तो फोंड्याकडच्या एका ख्रिस्ती मित्राचा. तो म्हणाला, तुझ्या चाकाचा हिशेब लोक आमच्याकडे मागतील. आमच्या आजीनं तिच्यापुढं मेणबत्ती लावली ती नातवाच्या परीक्षेसाठी. अल्बुकर्कचं नावही तिला ठाऊक नव्हतं. त्याचं म्हणणं खरं आहे. पाच शतकांत त्या चाकाला तिसरा अर्थ आलाय, घरगुती आणि मऊ, आणि राफाएलच्या कोपराला तो कदाचित सर्वांत जवळचा. ज्यांच्या पूर्वजांवर धर्म बदलायची वेळ आली, त्यांच्याकडेच जिंकणाऱ्याचा हिशेब मागणं मूर्खपणाचं आहे, आणि दुष्टपणाचंही. पण माझ्या मते सांगितल्यानं हा धोका वाढत नाही, अर्धवट सांगितल्यानं वाढतो. कत्तल फलकावर नसेल, तर ती कुणीतरी सभेत सांगणार, आणि तो आजीची मेणबत्ती सांगणार नाही.

म्हणून मागणी साधी आहे. जुने गोव्याची चर्चं आणि मठ १९८६ पासून जागतिक वारसा यादीत आहेत. बाँ जेझुस चर्चकडं सायबाचं, म्हणजे संत फ्रान्सिस झेवियरचं, दर्शन घ्यायला निघालेली माणसं वाटेत से कॅथेड्रलमध्ये डोकावतात, वर बघतात, फोटो काढतात, निघतात. बांधकाम कधी सुरू झालं, लांबी किती, रुंदी किती, घंटा केवढी, हे आकडे त्यांना कुठंही मिळतील. समोरच्या चिन्हाचा अर्थ मिळायला हवा. फलकावर नुसतं संत कॅथरिनला समर्पित लिहून भागत नाही. समर्पित का, कुठल्या दिवसामुळे, आणि तिच्या हातात चाक का, हे लिहायला हवं. मजकूर मीच लिहून देतो, घ्यावा वाटला तर घ्यावा:

हे रथाचं चाक नाही. दंतकथेप्रमाणे एका रोमन सम्राटानं कॅथरिन नावाच्या मुलीला मारायला खिळ्यांची चाकं केली आणि ती तिच्यापुढं मोडली. २५ नोव्हेंबर १५१० रोजी, तिच्या सणाच्या दिवशी, अल्बुकर्कनं हे शहर जिंकलं आणि पुढच्या चार दिवसांत इथल्या हजारो मुसलमान स्त्री-पुरुषांना मारलं. तसं त्यानंच राजाला लिहिलं. त्या दिवसाची खूण म्हणून हे चाक पोर्तुगीज सत्तेच्या चिन्हात गेलं. इथले भाविक मात्र शतकानुशतकं तिच्याकडे विद्येसाठी प्रार्थना करत आले. या विजयाच्या तीनएक वर्षं आधी इटलीत राफाएलनं तिला काळ्या खडूनं काढलं, तेव्हा ती या चाकावर कोपर टेकून उभी होती.

कोंकणी, मराठी आणि इंग्रजीत. शक्य असेल तर खाली त्या रेखाटनाची छपाई, हाताएवढी. आणि फलक सात वर्षांच्या मुलीला मान वर न करता वाचता येईल इतक्या उंचीवर लावावा.